बाहेरचा ओटा आधी पावसात ठेवून बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंगणातल्या आणि परसातल्या स्वयंपाकघरांवर पानभर मजकूर आला होता. छायाचित्रं देखणी होती. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा, डोक्यावर छप्पर नाही आणि वर कापलेली लिंबं मांडलेली. आमच्या वाडीतल्या एका घराने ते पान कापून गवंड्याला दाखवायला जपून ठेवलं आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट जरूर करा, फक्त दगड कापण्याविषयीचा भाग तेवढा राहू द्या.

मी दापोली तालुक्यात राहते. समुद्र घरापासून दोन किलोमीटरवर. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागलो, त्यांचं जेवणखाण मी आणि सूनबाई बघतो. आमच्याकडे मागच्या पडवीतला ओटा हौसेचा नाही, रोजच्या कामाचा आहे. हर्णैच्या लिलावातून आलेली मासळी आम्ही घरात नेत नाही. खवले, पोटातली घाण, वास, सगळं मागच्या मागे निपटतं. नारळ तिथेच सोलायचा. फणस तिथेच फोडायचा, कारण त्याचा चीक घरातल्या फरशीला लागला की तेलाशिवाय निघत नाही. आणि एप्रिल-मे म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. टोपल्याच्या टोपल्या फोडायचे, गर बाजूला काढायचा, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात, पुन्हा बुडवून पुन्हा उन्हात, अशी आमसुलं होईपर्यंत. त्या दीड महिन्यात ओट्यावर आंबट आणि खारट पाणी सतत असतं. त्यानंतर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घरातल्या ओट्याला जन्मभरात एवढं सोसावं लागत नाही.

पूर्वी तिथे जांभ्याचा कट्टा होता. सासूबाई त्यावर नारळ फोडत, पाटा मांडत, पण मासे कधीच ठेवत नसत. मासे खाली जमिनीवर, केळीच्या पानावर. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होत जातो. भिंतीला त्याच्यासारखा दगड नाही. पण तो भोकाभोकांचा. माशाचं पाणी एकदा त्या भोकांत गेलं की कितीही घासा, आठवडाभर मांजरं तिथून हलत नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. पडवीची कौलं गेली, वासे गेले आणि माड आडवा पडून कट्टा मधोमध दुभंगला. पुढच्या थंडीत पडवी पुन्हा उभी केली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की आता ग्रॅनाइटचा ओटा करू. शहरातल्या एका दुकानात गेलो आणि तिथे माझी चूक झाली. ट्यूबलाइटखाली काळाभोर दगड उभा होता, आरशासारखा, त्यात मागचा रस्ता दिसत होता. मी त्यावर पाण्याचा थेंबसुद्धा टाकून पाहिला नाही.

आमची पडवी पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट ओट्यावर येतं. मे महिन्यात तो दगड इतका तापायचा की हात टेकवून पाच आकडे मोजवत नसत; सोललेल्या कोलंबीचं ताट ठेवलं तर ताट चटका देईल इतकं गरम व्हायचं. ते एक वेळ चाललं असतं. पण पहिला पावसाळा सरता सरता पागोळ्या जिथे पडत त्या रेषेत दगड करडा दिसू लागला. मला वाटलं क्षार बसले. घासलं, तर करडेपणा वाढला. शेवटी नातीकडचं असिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन एक कोपरा पुसला. कापूस काळा झाला. दगड मुळात करडाच होता, त्याला काळा रंग पाजून आरसा केला होता. दुकानदाराने हात वर केले. दगड म्हणून तो चांगला होता. करडा म्हणून विकला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. ज्यांना काळा ग्रॅनाइट घ्यायचा आहे त्यांनी ही परीक्षा दुकानातच करावी, आणि ती नमुन्याच्या तुकड्यावर करून थांबू नये, जो स्लॅब गाडीत चढणार आहे त्यावर करावी.

शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की आधी प्रयोग, मग निष्कर्ष. स्वतःच्या ओट्याला तो नियम लावला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये दगडाच्या दुकानांमागे पडलेले तुकडे मागून आणले: करडा ग्रॅनाइट, कडप्पा, कोटा, शहाबाद, पांढरा संगमरवर, पांढरा क्वार्ट्झ आणि पांढऱ्या सिमेंटने जोडलेल्या दोन टाइल. विहिरीच्या कठड्यावर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात कोकमाचं आगळ (खारवलेला रस), दुसऱ्यात हळद-तेल, तिसऱ्यात मासे धुतलेलं मिठाचं पाणी, चौथा कोरा. दर रविवारी तेच पुन्हा. ऑक्टोबरपर्यंत ते तिथेच राहिले, उन्हात आणि पावसात.

कडप्प्याचं आधी सांगते, कारण आमच्या पिढीचा जीव त्याच्यावर. कडप्पा, कोटा आणि शहाबाद, तिन्ही नावं मुलखावरून आलेली, आंध्र, राजस्थान आणि कर्नाटकातली, आणि तिन्ही चुनखडीचे दगड. आगळाचा थेंब कडप्प्यावर रात्रभर राहिला. सकाळी पुसला तर काळ्या दगडावर रुपयाएवढी राखाडी जागा, नख फिरवलं तर खरखरीत लागणारी. आंबटाने तिथला चुना खाल्ला होता. डाग असता तर धुऊन काढला असता, पण दगडच झिजला त्याला काय करणार? घरातला कडप्पा चाळीस वर्षं चालतो, कारण चिंचेचं पाणी सांडलं की आपण लगेच फडकं फिरवतो. रातांब्याच्या दिवसांत बाहेर दर मिनिटाला फडकं कोण फिरवणार? कोट्याची तीच गत, वर पावसाळ्यात त्याला हिरवी बुळबुळ धरली. शहाबादचे पापुद्रे सुटू लागले.

संगमरवरावरची हळद बघून सूनबाई हळहळली, पण कडक उन्हात ती आठवड्याच्या आत उडून गेली. हळदीतला रंग उन्हापुढे टिकत नाही, हे आमच्या आज्या कपडे वाळत घालताना जाणत होत्या. त्याच संगमरवरावर आगळाने उठवलेला खरबरीतपणा मात्र आजही आहे.

क्वार्ट्झच्या तुकड्याचा अर्धा भाग मी पत्र्याने झाकला होता. ऑक्टोबरमध्ये पत्रा उचलला, तर झाकलेली बाजू दुधासारखी आणि उघडी बाजू जुन्या पोथीच्या पानासारखी. मधली रेघ इतकी सरळ की पट्टीने आखल्यासारखी. आंबटाने किंवा मिठाने त्याला काहीही केलं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. ज्याला आपण ओट्याचं क्वार्ट्झ म्हणतो तो खाणीतून निघालेला दगड नसतो; दगडाची भुकटी राळेत कालवून, दाबून त्याचा स्लॅब करतात, आणि ती राळ अतिनील किरणांनी पिवळी पडते. बहुतेक कंपन्या बाहेर वापरल्यास हमी लागू नाही असं लिहितात. घराच्या आत तो उत्तम असेल. उघड्या अंगणात नाही, आणि आपल्या पानावर एवढी एक ओळ हवी होती.

टाइलचं काही बिघडलं नाही, बिघडला तो सांधा. पांढऱ्या सिमेंटची रेघ पहिल्या पावसातच काळी झाली.

करड्या ग्रॅनाइटचे चारही कोपरे मी सूनबाईला दाखवले आणि विचारलं, कोरा कोणता ओळख. तेलाचा तिने ओळखला, तिथे थोडी ओलसर सावली होती. खाण्याच्या सोड्याचा घट्ट लगदा दोन रात्री लावून ठेवल्यावर तीही गेली. बाकीच्या तिघांत तिला फरक सांगता आला नाही. दुपारी हात ठेवला तर गरम, पण ठेवता येईल इतका.

त्यातही पॉलिश कोणतं, हा प्रश्न राहतो. दुकानदार बाहेरच्या कामासाठी लेदर फिनिश किंवा आगीने खडबडीत केलेला दगड पुढे करतात. पायऱ्यांना तो योग्य, पाय घसरत नाही. ओट्याला मी तो नाकारला. सुरमईचे खवले बारीक असतात, पण पालूचे नखाएवढे, आणि खळग्यात बसलेला खवला वाळला की सुरीनेच काढावा लागतो. शिवाय खडबडीत दगडाला शेवाळ लवकर धरतं. आम्ही साधा गुळगुळीत करडा घेतला, नऊ फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, सलग एकच स्लॅब, १४० रुपये चौरस फुटाने. सांधाच नको म्हणून लांब स्लॅब मुद्दाम शोधला.

गवंड्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या, ज्या घरातल्या ओट्याला कुणी करत नाही. एक, पुढच्या बाजूला किंचित उतार, रुंदीत पाव इंच. दुसरी, पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला, बोटभर आत, लांबीभर एक बारीक खाच. पहिल्या ओट्याला ती नव्हती, त्यामुळे पावसाचं पाणी दगडाच्या पोटाला धरून आत यायचं आणि खालच्या प्लायच्या कपाटात उतरायचं. एका पावसाळ्यात कपाटाची दारं फुगून उघडेनाशी झाली. आता पाणी खाचेपाशी येतं आणि टपकन खाली पडतं. ओट्याखाली आम्ही कपाट केलंच नाही, जांभ्याचे तीन खांब आहेत आणि मध्ये मोकळी जागा. हवा खेळते, झाडता येतं, साप-विंचू लपला तर दिसतो.

आणि उंची. पुरवणीतले सगळे ओटे उभ्याने काम करायचे. आमच्या घरात मी विळीवर बसून मासे कापते आणि सूनबाई उभी राहून सुरीने. मला दोन तास उभं राहवत नाही, तिला मांडी घालून बसवत नाही. म्हणून ओटा दोन उंचीचा केला: लांब भाग ३२ इंचांचा आणि टोकाला दहा इंच उंचीचा बसका भाग, विळी आणि पाटा-वरवंट्यासाठी. त्या बसक्या भागाला तोच जुना रंग उतरलेला दगड बसवला. पुढे बसायला पाट आहे, पाणी सरळ माडांच्या आळ्यात जातं. ओट्याची उंची ठरवताना त्यावर हात चालवणाऱ्या बाईला उभं करून किंवा बसवून कोपराची उंची मोजावी. आमच्याकडे पहिल्या वेळी ती माझ्या मुलाच्या कोपराने ठरली होती, आणि तो वर्षातून दहा दिवस घरी असतो.

चुलीच्या बाजूला मात्र मी ग्रॅनाइट येऊ दिला नाही. या दगडात क्वार्ट्झचे कण असतात आणि ५७३ अंश सेल्सिअसला त्यांची रचना बदलून ते एकदम फुगतात. तापलेलं पातेलं ठेवल्याने असं होत नाही, पातेलं तेवढं तापतच नाही. पण निखारे थेट दगडावर पडत राहिले किंवा जाळ कडेला चाटत राहिला, तर कपची उडते. चूल आणि तिच्या भोवतीचा दीड फूट जांभ्याचा आणि मातीचा ठेवला आहे. जांभा तिथे कामाला आला.

स्टीलबद्दल थोडंच लिहिते. जवळच्या एका घरी स्टीलचा ओटा केला. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल अस्सल, असं सांगून तो दिला होता. हलक्या २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. दिवाळीपर्यंत त्यावर तपकिरी ठिपके आले. खाऱ्या वाऱ्याला ३०४ सुद्धा कधी कधी हार जाते. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ती जास्त तग धरते. बिलावर आकडा लिहून घ्यावा.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते.

पहिला ओटा बसवायला दोघं आले होते. त्यातला एक जेमतेम विशीचा. मोरीच्या भांड्यासाठी दगडाला चौकोन पाडायचा होता, त्याने अंगणात ग्राइंडर लावला, कोरडाच. पाच मिनिटांत तुळस पांढरी झाली, दोरीवरचे कपडे पांढरे झाले, त्या मुलाच्या पापण्यांवर पिठी बसली. तोंडाला रुमाल होता. काम झाल्यावर मी चहा आणला, त्याआधी त्याने चूळ भरली. ते पाणी करडं होतं. मी ३१ वर्षं वर्गात सिलिका शिकवली, वाळू, काच, क्वार्ट्झ, सूत्रासकट. आणि त्या मुलापुढे मी उभी होते ती कपडे दोरीवरून काढत.

दगडाची ही बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण धरत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तो आहे, पण आमचं अंगण हा कारखाना नाही, तिथे कोण कुणाला कळवणार? राजस्थानात, जिथून आपला कितीतरी दगड येतो, तिथल्या सरकारला २०१९ मध्ये या रोगासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असतेच, पण ओट्याच्या क्वार्ट्झमध्ये ती ९० टक्क्यांच्या वरही असू शकते. तो कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस होऊ लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. पुरवणीतल्या त्या पांढऱ्या ओट्यांना कुणीतरी कापलं असेल. तो दिवस त्या माणसाने कसा काढला, हे छायाचित्रात दिसत नाही.

दुसऱ्या ओट्याच्या वेळी दुसरा मिस्त्री बोलावला आणि बयाणा देण्याआधीच अट सांगितली. मोरीचा चौकोन, खाच आणि कडेची गोलाई त्याच्या वर्कशॉपमध्ये, पाण्यावर चालणाऱ्या मशीनवर. घरी जे थोडं कापावं लागेल तेही पाण्याच्या कटरनेच. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही, विजेचा धक्का बसतो. पाणी सोडायची सोय असलेलं कटर वेगळं मिळतं आणि त्यालाही वीज गळली की लाइन तोडणारा ब्रेकर हवाच. नाकाला एन-९५ मास्क, रुमाल नाही, कारण ही धूळ रुमालाच्या विणीतून सहज आत जाते. या सगळ्याचे त्याने ४०० रुपये जास्त सांगितले. दिले. त्या दिवशी अंगणात करडा चिखल झाला, तो मी संध्याकाळी ओला असतानाच भरून टाकला, वाळला असता तर पुन्हा उडला असता. तुळस हिरवीच होती.

या ओट्यावर आता तीन पावसाळे गेले. पहिल्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही. त्या दुकानात विचारलं, तो काम सोडून गावी गेला एवढंच कळलं.

संपादक महोदय, पुढे कधी ओट्यांचं पान कराल तेव्हा दगडाच्या भावाशेजारी दोन ओळी आणखी छापा: हा दगड उघड्यावर किती महिने ठेवून पाहिला, आणि तो कापताना पाणी होतं का. आमच्या वाडीतल्या ज्या घराने आपलं पान जपून ठेवलं आहे, त्यांना मी विहिरीवरचा अर्धा पिवळा, अर्धा पांढरा क्वार्ट्झचा तुकडा नेऊन दिला आहे. शिवाय करड्या ग्रॅनाइटचाही. त्यांचं काम शिमग्यानंतर सुरू होईल. तोवर दोन्ही तुकडे त्यांच्या तुळशीपाशी असतील.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी